सेकंडो वाजवणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल क्लासमधून निघताना तू काही बोलली नाहीस, पण तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. जर्मन संगीतकार ब्राम्सची चौथी सिम्फनी, मूळ ऑर्केस्ट्रासाठीची, एका पियानोवर, चार हातांनी. त्यात वरची बाजू, म्हणजे प्रिमो, तुझ्या मैत्रिणीला दिली आणि खालची, म्हणजे सेकंडो, तुला. आपल्याला साथीला बसवलं असं तुला वाटलं. मी सेकंडो तुला विचार करून दिलं आहे, ते का हे नीट सांगते.

आधी पेडल. हात चार असले तरी पेडलवरचा पाय एकच, आणि तो तुझा. पहिल्या मूव्हमेंटची, म्हणजे सिम्फनीच्या पहिल्या भागाची, सुरुवात आठव. व्हायोलिनचे दोन-दोन स्वर येतात: बी-जी, जरा थांबून ई-सी, पुन्हा थांबून ए आणि एफ शार्प. सगळी ओढ त्या थांबण्यात आहे. खाली मात्र तुझे स्वर अखंड वाहत असतात. ते छान वाहावेत म्हणून तू पेडल दाबून धरलंस, की तिने बोट उचललं तरी तिचा स्वर घुमतच राहणार. तिची विश्रांती तुझ्या पायाखाली जाते. मी तुझ्या वयाची असताना हेच केलं होतं. माझा पाय फक्त माझ्या हातांचं ऐकत होता. कार्यक्रम झाल्यावर माझी जोडीदार एवढंच म्हणाली, "मला आज श्वासच घेता आला नाही." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. पेडल उचलायचं ते तिची ओळ ऐकून, आपली ऐकून नाही.

ही सिम्फनी ब्राम्सने 1884 आणि 1885 च्या उन्हाळ्यांत ऑस्ट्रियातल्या म्यूर्त्सझुशलागला लिहिली. ऑर्केस्ट्राच्या हाती जाण्याआधी व्हिएन्नातल्या मोजक्या मित्रांना त्याने ती पियानोवरच ऐकवली, पियानोवादक इग्नाझ ब्रूलला जोडीला घेऊन, दोन पियानोंवर. पहिली मूव्हमेंट संपली आणि खोलीत कोणी बोलेना. समीक्षक हान्सलिक, ब्राम्सचा जुना पाठीराखा, म्हणाला की दोन भयंकर हुशार माणसांनी मला चोपून काढल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या एका मित्राने, काल्बेकने, तिसरी मूव्हमेंट काढून टाक आणि शेवटची वेगळी छाप, असं सुचवलं. ब्राम्सने ऐकलं नाही. 25 ऑक्टोबर 1885 ला जर्मनीतल्या मायनिंगेनला ती आहे तशी वाजली, आणि लोकांना आवडली.

मला यातून वाटतं ते असं: पियानोवर बासरीचा, हॉर्नचा, तारांचा रंग निघून जातो आणि बांधकाम उघडं पडतं. त्या दिवशी ऐकणाऱ्यांना तेच जड गेलं असावं. पण ते बांधकाम उभं आहे ते बऱ्याच अंशी खालच्या स्वरांवर.

शेवटची मूव्हमेंट उघड आणि ई ला सा धरून गा: सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, प, प, सा. आठ बार, म्हणजे तालाची आठ छोटी आवर्तनं, बाराला एक स्वर. मूळ कल्पना ब्राम्सच्या आधीच्या काळातल्या बाखच्या एका कॅन्टाटामधल्या, म्हणजे गायनरचनेतल्या, खर्जाची. तीव्र मध्यम ब्राम्सने घातला. त्या एका स्वराने पंचमाकडे जाणारा रस्ता कसा ताणला जातो बघ. या आठ स्वरांवर 30 व्हेरिएशन्स, म्हणजे बदलती रूपं, आहेत. ते आधी वर वाजतात, मग खर्जात उतरतात, कधी कधी लपतात. लपले असतील तेव्हाही तुला ते सापडायला हवेत. पेन्सिल घेऊन प्रत्येक आठ बारांवर खूण कर. मधेच ट्रॉम्बोन, ही फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, हळुवार येतात. आधीच्या तिन्ही मूव्हमेंटमध्ये ते वाजवणारे गप्प बसून असतात, हे तिथे वाजवताना लक्षात असू दे.

दुसऱ्या मूव्हमेंटची सुरुवात हॉर्नची आहे. आपल्या कानाला ते भैरवीचे स्वर वाटतात. तिकडे त्याला फ्रिजियन म्हणतात. पेटीवर भाता चालू असेतो स्वर टिकतो. पियानोवर तो वाजल्या क्षणापासून विरू लागतो. म्हणून जोर लावू नकोस. आधीचा स्वर विरत जिथवर आला असेल, तिथूनच पुढचा उचल.

आता कोपरं. तुझा उजवा हात आणि तिचा डावा एकमेकांत अडकणार. एकीचं मनगट खाली आणि पट्टीच्या कडेला, दुसरीचं वर आणि आत, हे जागोजागी ठरवून स्कोअरवर लिहा. तीच पट्टी तुमच्यापैकी दुसरीला लगेच हवी असेल, तर आपला स्वर लिहिलाय त्याहून किंचित आधी सोडायचा, नाहीतर तिची पट्टी वाजणारच नाही. अंगठ्या घरी ठेवा. पानं कोण उलटणार, हेही आत्ताच ठरवा.

शनिवारी दोघी या. पहिला अर्धा तास तू हात मांडीवर ठेवायचे आहेत. ती एकटी वाजवेल आणि तू फक्त पेडल सांभाळशील. नंतर उलट: तू वाजवायचं आणि तिने तिची ओळ शेजारी उभं राहून गायची. तिने श्वास घेतला की माझ्याकडे पाहू नकोस, पाय उचल.

तुझी,
टीचर