स्थलांतरित कुटुंबातली मुलं शाळेत मागे पडतात का?

सरासरी पाहिली तर बऱ्याच देशांत हो. पण ‘पिसा’ या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत घरची परिस्थिती आणि घरात बोलली जाणारी भाषा हिशेबात धरली की फरक बराच कमी होतो. कॅनडा, ऑस्ट्रेलियात तर ही मुलं स्थानिकांच्या बरोबरीने असतात (त्या देशांत सुशिक्षित पालकांना स्थायिक व्हायची परवानगी मिळणं सोपं, हेही खरं).

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मूल कोणत्या वयात आलं हे. तेराव्या वर्षी आलेल्याला नवी भाषा आणि त्याच भाषेतलं बीजगणित एकदम पेलावं लागतं. बोलणं एक-दोन वर्षांत जमतं. पाठ्यपुस्तकाची भाषा यायला पाच-सात वर्षंही लागतात. त्यामुळे मूल फाडफाड बोलायला लागलं म्हणून शाळेने भाषेची मदत लगेच थांबवू नये.