व्हेक्टर, सदिश आणि एसटीचा वाहक

प्रश्न : संख्याशास्त्रासाठी 'आर' ही संगणकभाषा शिकतोय. पहिल्याच स्वाध्यायात 'दोन सदिशांची बेरीज करा' असं आहे. व्हेक्टरला इथे 'सदिश' म्हणणं बरोबर आहे का? आणि त्यातल्या एकेका आकड्याला घटक म्हणायचं की अवयव?

बरोबर नाही. बल, वेग यांना आकड्याबरोबर दिशाही असते, म्हणून ते सदिश. पण 'आर'मध्ये व्हेक्टर म्हणजे एका जातीच्या गोष्टींची नुसती ओळ; आंबा, फणस, काजू हे तीन शब्द एकत्र ठेवले तरी त्यांचा व्हेक्टर होतो. फणसाला दिशा कुठली? भाच्याच्या ऑनलाइन शिकवणीत 'हा सदिश घ्या, तो सदिश घ्या' ऐकून माझे कान किटलेत. (१, २, ३) ला (४, ५, ६) ने गुणलं की 'आर' देतं ४, १०, १८. तोच पोरगा अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिशांचा अदिश गुणाकार करतो तेव्हा या तिन्हींची बेरीज होऊन उत्तर येतं एकच आकडा, ३२. गोंधळेल नाहीतर काय!

गणितवाले म्हणतील, अमूर्त सदिशाला बाणासारखी दिशा लागतेच असं नाही. म्हणजे तुमचाच शब्द तुम्हाला तोकडा पडला की! मुळात दिशा होतीच कुठे? लॅटिन 'वेहेरे' म्हणजे वाहून नेणं, आणि नेणारा तो व्हेक्टर. सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेघ ग्रहाला जणू फिरवत नेते, म्हणून खगोलवाले तिला 'रेडियस व्हेक्टर' म्हणत. आयर्लंडच्या विल्यम रोवन हॅमिल्टनने १८४०च्या दशकात शब्द उचलला तो तिथूनच.

आता खरी गंमत. हा वेहेरे आणि आपला 'वह्' धातू एकाच मुळाचे. प्रत्ययही एकच, तिकडे 'तोर', इकडे 'तृ'. वह् ला तृ लागला की होतो 'वोढृ', प्रथमेत 'वोढा'. व्हेक्टर आणि वोढा, धातूसकट प्रत्ययासकट सख्खे भाऊ! वोढा म्हणजे ओझं वाहणारा बैल, आणि वधूला घरी नेणारा नवरासुद्धा. (दोन्ही अर्थ एकाच शब्दात का, हे लग्न झालेल्यांना समजवायला नको.) विवाह त्यातलाच, नवोढा त्यातलीच, प्रौढ म्हणजे प्र अधिक ऊढ. देवाला फूल वाहतो ते आणि एसटीत तिकीट देतो तो वाहक, सगळं एकाच घराण्यातलं. रोग पसरवणाऱ्या डासालाही इंग्रजीत व्हेक्टरच म्हणतात; त्याला 'रोगवाहक' म्हणणारे मूळ अर्थाला जागले. सदिशवाले नाही जागले.

'आर'पुरतं माझं मत 'माळ'. एका माळेत एकाच जातीचे मणी. आकड्यांत एक शब्द घुसवून बघा, 'आर' सगळ्या आकड्यांनाच शब्द करून टाकतं. बेरीज मण्याला मणी. (१, २, ३, ४) मध्ये (१०, २०) मिळवले की येतात ११, २२, १३, २४. छोटी माळ संपली, की पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू. जपात मेरुमणी ओलांडत नाहीत, 'आर' खुशाल ओलांडतं. 'यादी' म्हणा असं सुचवणाऱ्यांनी आधी 'आर' उघडून बघावं : तिथली लिस्ट ही वेगळीच वस्तू आहे, तिच्यात भेसळ चालते.

हां, घटक की अवयव ते राहिलंच. घटक. अवयव पाडायचे ते १२ चे.