कंसात लिहिलेल्या तीन ओळी

प्रश्न : मी ७२ वर्षांचा निवृत्त इंजिनीअर. १९८६ साली अमेरिकेला गेलो, २००५ साली तिथलं नागरिकत्व घेतलं, २०१० साली ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडियाचं, म्हणजे ओसीआय कार्ड मिळालं. २०२१पासून कायमचा पार्ल्यात राहायला आलो आहे. (मतदार यादीतलं नाव अजून आहे, २०२४ला मतही देऊन आलो.) गेल्या ऑक्टोबरात माझा अमेरिकन पासपोर्ट नवा झाला आणि कार्डावर जुनाच नंबर आहे. एक एजंट सांगतो की नवं ओसीआय काढलं नाही तर विमानतळावरूनच परत पाठवतील, चाळीस हजार लागतील. संकेतस्थळावर मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा फोटो नाकारला गेला. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यामुळे सध्या गोरेगावला भाड्याने आहोत. पत्नी २०१९ साली अमेरिकन नागरिक झाली, तिला ओसीआय नाही. (तिचा भारतीय पासपोर्ट अजून कपाटात आहे, २०२७पर्यंत चालतो.) उरलेलं आयुष्य शांतपणे जावं एवढीच इच्छा आहे. (कर्जतला छोटंसं फार्महाऊस पाहतो आहोत.) काय करावं?
ता. क. पत्नी २५ नोव्हेंबरला टुरिस्ट व्हिसावर आली, सहा महिन्यांनी २५ मेचं परतीचं तिकीट काढलं आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमची भीती वाचली, दुसऱ्या वेळी कंस वाचले. वकिली करता करता एक सवय लागते : माणूस आवाज चढवून सांगतो त्यापेक्षा जाता जाता पुटपुटतो ते अधिक लक्ष देऊन ऐकायचं. ज्या कार्डामुळे तुमची झोप उडाली आहे ते काम फुकट आणि घरबसल्या होणारं आहे. कंसात टाकलेल्या तीन गोष्टी आणि ती ताजा कलमातली तारीख, यांनी मात्र माझी झोप उडवली.

आधी तुमची भीती संपवू. जुन्या नियमात वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टाला आणि पन्नाशीनंतर एकदा कार्ड नव्याने काढावं लागे. एप्रिल २०२१मध्ये केंद्र सरकारने हे सोपं केलं. आता वीस वर्षं पूर्ण झाल्यावर पहिला पासपोर्ट मिळेल तेव्हा एकदाच कार्ड नवं करायचं, तेही ज्यांनी विसाव्या वर्षाच्या आत नोंदणी केली होती त्यांनीच. तुम्ही छप्पन्नाव्या वर्षी कार्ड घेतलंत. म्हणजे तुम्हाला नवं कार्ड काढायचंच नाही. नवा पासपोर्ट हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि ताजा फोटो सरकारच्या ओसीआय संकेतस्थळावर चढवायचा, एवढंच. त्याला शुल्क नाही. कागदपत्रं चढवून पोच येईपर्यंत येण्याजाण्यावर बंधन नाही, असंही त्याच वेळी सरकारने स्पष्ट केलं होतं. जुना पासपोर्ट बरोबर बाळगायची अटही २०२१मध्येच गेली.

तुमचे तीन महिने उलटून गेले, हे खरं. आजच करून टाका. ओसीआय नोंदणी रद्द करायची असेल तर नागरिकत्व अधिनियम, १९५५च्या कलम ७डमधलं कारण लागतं आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय ती रद्द करता येत नाही. विमानतळावर बसलेला माणूस उभ्या उभ्या ती रद्द करत नाही. एजंटाचे चाळीस हजार तुमच्याच खिशात राहू द्या. त्याने ‘प्रोसेसिंगला’ म्हणून मूळ कार्ड घेतलं असेल, तर ते मात्र आजच जाऊन परत आणा.

फोटो नाकारला जातो तो तुमच्या चेहऱ्यामुळे नव्हे, मापामुळे. तो चौरसच लागतो. पासपोर्ट साइझचा उभा फोटो मोबाइलवरून तसाच चढवला की यंत्र तो फेकून देतं. जवळच्या झेरॉक्सवाल्याला पन्नास रुपये द्या, तो दोन मिनिटांत कापून देईल. चढवल्यावर पोचेची जी मेल येईल ती छापून पासपोर्टात ठेवा. इमेल दाखवायला मोबाइल काढला की नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं, हा माझा अनुभव.

आता पत्ता. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागत नाही, कितीही वर्षं राहिला तरी. पण जो इथेच कायम राहतो त्याने कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला की एफआरआरओला इमेलने कळवायचं आहे. गोरेगावचं घर कायमचं नाही, असा युक्तिवाद करता येईल. मी तो करणार नाही. मुंबईत रिडेव्हलपमेंटची ‘तीन वर्षं’ किती लांबतात ते पार्लेकरांना मी काय सांगणार? चार ओळींची इमेल करा : जुना पत्ता, नवा पत्ता, कारण, ओसीआय क्रमांक. झेवियर्स कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या त्या कार्यालयापर्यंत जाऊन रांगेत उभं राहायची गरज नाही.

इथपर्यंतचा सगळा मामला इमेल-फोटोचा होता.

आता पहिला कंस. ओसीआयच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे आणि त्याने आजवर किती लोकांची फसगत केली असेल याची मोजदाद नाही. डिसेंबर २००५मध्ये ही योजना आली तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘दुहेरी नागरिकत्व’ असे मथळे दिले, आणि तो समज आजही टिकून आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९नुसार ज्या दिवशी तुम्ही स्वखुशीने अमेरिकेची शपथ घेतलीत त्या दिवशी भारतीय नागरिकत्व आपोआप संपलं. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी शिक्का मारत नाही. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि सोबत काही सवलती. कान्हेरीच्या लेण्यांना तिकीट भारतीयांच्या दराने मिळतं, विमानाचं देशांतर्गत भाडंही तेच. पण मत नाही. कलम ७ब ते स्पष्ट शब्दांत नाकारतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५०चं कलम १६ म्हणतं की जो भारताचा नागरिक नाही तो मतदार म्हणून नोंदणीस अपात्र आहे, आणि १९५१च्या अधिनियमाचं कलम ६२ म्हणतं की अशा अपात्र माणसाने मत देऊ नये.

यादीत नाव राहिलं ही तुमची चूक नाही. तुम्ही १९८६ साली गेलात, नाव कुणी काढलं नाही. मत देणं ही मात्र चूक आहे, भोळेपणाने झालेली असली तरी. आता फॉर्म ७ भरून स्वतःचं नाव कमी करा. तो तुमच्या मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहा. एक सावधगिरी : यादीच्या तपासणीला कुणी दारात आलं तर भारतीय नागरिक असल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. आज जे भोळेपण आहे त्याचं खोट्या निवेदनात रूपांतर होईल, आणि यादीच्या कामात खोटं निवेदन करणं हा १९५०च्या अधिनियमाच्या कलम ३१खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. २०२४च्या मतदानाबद्दल इथे याहून जास्त लिहीत नाही. फॉर्म भरण्याआधी प्रत्यक्ष भेटा.

दुसरा कंस सर्वांत जड आहे. वहिनींचा कपाटातला पासपोर्ट ‘२०२७पर्यंत चालतो’ असं तुम्ही लिहिलंत. तो चालत नाही. २०१९ साली त्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी तो थांबला, छापलेली तारीख काहीही असो. मला फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे : २०१९नंतर त्या पासपोर्टावर एकदा तरी प्रवास झाला का? ‘मुंबईला उतरल्यावर भारतीयांची रांग लहान होती म्हणून’ असं मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. झाला असेल तर मला आधी सांगा. नसेल तर मार्ग सरळ आहे, पासपोर्ट परत करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं.

आणि २०२७ला तो नूतनीकरणाला नेण्याचा विचारही मनात आणू नका. भारतीय नागरिक नसताना राष्ट्रीयत्व लपवून पासपोर्टासाठी अर्ज करणं हा पासपोर्ट अधिनियम, १९६७च्या कलम १२(१अ)खाली गुन्हा आहे. किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दहा ते पन्नास हजार दंड. इथे किमान शिक्षा कायद्यानेच ठरवून दिली आहे. ‘वयाकडे बघा साहेब’ एवढ्यावर भागणार नाही.

त्यांना ओसीआय का मिळत नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्न तोच आहे. जुना पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र हीच पहिली पायरी, ती ओलांडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. दुसरी अडचण अशी की टुरिस्ट व्हिसावर इथे असलेल्या माणसाला ओसीआयचा अर्ज भारतात करता येत नाही. म्हणजे मेमध्ये परत गेल्यावर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत आधी पासपोर्ट परत करायचा, मग अर्ज. आणि अर्ज ‘ओसीआयधारकाची पत्नी’ म्हणून करू नका, मूळ भारतीय म्हणून करा. २६ जानेवारी १९५० किंवा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता त्याला स्वतःच्या हक्काने नोंदणी मिळते. पत्नी म्हणून घेतलेली नोंदणी लग्नाला बांधलेली असते. लग्न कायदेशीररीत्या संपलं तर ती रद्द होऊ शकते. तुमच्या लग्नाला काही होणार नाही हे मी जाणतो, पण कागद असा निवडावा की तो नवऱ्यावर अवलंबून नसेल.

आणखी एक, आपल्याकडचं खास. लग्नात वहिनींचं नाव बदललं होतं का? आपल्या पिढीत तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं जायचं आणि माहेरची सुधा दुसऱ्या दिवशी सासरी वैशाली व्हायची. परदेशी कारकुनाला आडनाव बदललेलं कळतं. पहिलं नावच बदललेलं पाहून तो चक्रावतो. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र इथून तयार करून न्या. तिकडे बसून पार्ल्याच्या शाळेतून दाखला मागवणं फार जिकिरीचं असतं.

आता ताजा कलम, कारण तारीख थांबत नाही. अमेरिकन नागरिकाला टुरिस्ट व्हिसावर एका खेपेत सलग १८० दिवस राहता येतं. सहा महिने नव्हे, १८० दिवस. उतरल्याचा दिवस पहिला धरला तर २५ नोव्हेंबरपासून १८०वा दिवस २३ मेला येतो. तुमचं तिकीट २५ मेचं आहे. आणि २५ तारखेचं म्हणजे मध्यरात्रीनंतरचं विमान असेल, कारण अमेरिकेची बरीच विमानं तेव्हाच सुटतात. मोजणीत कुणी एखादा दिवस तुमच्या बाजूने सोडलाच, तरी तुम्ही पलीकडेच आहात. १ सप्टेंबर २०२५पासून नवा आप्रवास आणि विदेशी नागरिक अधिनियम लागू झाला आहे. १९४६चा विदेशी नागरिकांचा कायदा आणि आणखी तीन जुने कायदे त्यात विरले. मुदतीपलीकडे राहण्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दोन दिवसांसाठी वहिनींना कुणी कोठडीत टाकणार नाही. पण एक्झिट परमिटशिवाय विमानात बसू देणार नाहीत, आणि ओसीआयच्या अर्जाआधी नोंदीवर असा डाग कशाला? तिकीट २० मेच्या आतलं करून घ्या. बदलाचा खर्च एजंटाच्या चाळीस हजारांपुढे काहीच नाही.

तिसऱ्या कंसावर थोडक्यात. कर्जतच्या फार्महाऊसला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. ओसीआयधारकाला मालमत्तेत अनिवासी भारतीयाइतकेच हक्क आहेत, मात्र शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे त्यातून वगळले आहेत. शिवाय महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मग तो पार्ल्याचा असो की पेनसिल्व्हेनियाचा. ‘आमच्या सगळ्या एनआरआय क्लायंटनी घेतलंय’ असं विकणारा म्हणेल. त्याला सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश मागा. वडिलोपार्जित जमीन वारसाने येत असेल तर गोष्ट वेगळी, ती ठेवता येते. गावाकडे तसं काही असेल तर पत्रात लिहिलं नाहीत, भेटीत सांगा.

पुढच्या आठवड्यात फोर्टला या, दुपारी तीननंतर. येण्याआधी तिकीट बदललेलं असू द्या. आणि येताना वहिनींना बरोबर आणा, कपाटातला तो पासपोर्टही. झेरॉक्स नको, मूळच. आत कोणते शिक्के आहेत ते मला स्वतः पान उलटून बघायचं आहे.