फ्रान्सने राजाला गिलोटिनवर चढवलं, मग पुन्हा राजे कसे काय आले?

तुम्ही विचारलंय की १७९३मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, १८१४मध्ये त्याचाच सख्खा भाऊ गादीवर बसला, मग क्रांती वाया गेली असं म्हणायचं का? शाळेच्या पुस्तकात बास्तीय, गिलोटिन, नेपोलियन, वॉटर्लू झालं की धडा संपतो. खरी गंमत त्यानंतरच्या तीन पिढ्यांत आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. जमिनीच्या दाव्यांत वकिली करतो, त्यामुळे कोण जिंकलं हे विचारण्याआधी ताबा कोणाचा आणि कागद कोणाच्या नावावर, हे बघायची खोड लागली आहे. फ्रान्सकडे तसं पाहिलं तर उत्तर सरळ आहे: गादीवरची नावं बदलत राहिली, सातबारा बदलला नाही.

२ नोव्हेंबर १७८९ला राष्ट्रीय सभेने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली. (२५ डिसेंबर १९२७ला महाडला बाबासाहेबांनी आपल्या परिषदेची तुलना केली ती व्हर्सायला भरलेल्या याच सभेशी.) पुढे देश सोडून पळालेल्या सरदारांच्या जमिनीही जप्त झाल्या. सगळ्यांचे जिल्ह्याजिल्ह्यात लिलाव झाले, तेही सुरुवातीला हप्त्यांवर, आणि पैसे भरायचे ते 'असिन्या' नावाच्या कागदी चलनात. या कागदाची किंमत अशी घसरली की उशिरा हप्ते भरणाऱ्याला शेत जवळजवळ फुकटात पडलं. घेणारे बरेचसे शहरातले व्यापारी, नोटरी आणि वकील, म्हणजे माझे व्यवसायबंधू यात मागे नव्हते. पण गावचे शेतकरीही होते, कुठे कुठे तर चारसहा जणांनी मिळून बोली लावली. देशातली साधारण दहावा हिस्सा जमीन अशी नव्या मालकांकडे गेली असा अंदाज आहे. शिवाय १७ जुलै १७९३च्या कायद्याने उरलीसुरली सरंजामी देणीही बिनमोबदला रद्द झाली आणि ती ज्या दप्तरांत लिहिली होती ती जाळायचा हुकूम निघाला. दप्तरच जळल्यावर दावा कशाच्या जोरावर लावणार?

या खरेदीदारांना क्रांतीतलं किती काय पटत होतं देव जाणे. अनेकांना पाद्री हवाच होता, गिलोटिनची तर धास्तीच होती. पण जुनं राज्य जसंच्या तसं परत आलं तर आपलं शेत जाईल, एवढं प्रत्येकाला पक्कं कळत होतं. नेपोलियनने ही नस बरोबर ओळखली. १८०१मध्ये पोपशी करार करताना त्याने एक कलम घालून घेतलं: विकल्या गेलेल्या चर्चच्या जमिनींबद्दल पोप कोणाला त्रास देणार नाही. एका कलमाने लाखो घरांना शांत झोप लागली असेल.

आता १८१४. अठरावा लुई परतला तेव्हा त्याने जी सनद दिली तिच्यावर 'आमच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष' अशी मिती घातली. म्हणजे १७९५मध्ये पुतण्या (सोळाव्या लुईचा मुलगा) वारला त्या दिवसापासून राजा आपणच, मधलं प्रजासत्ताक आणि नेपोलियन जणू झालेच नाहीत! पण त्याच सनदेचं नववं कलम वाचा. सगळी मालमत्ता अबाधित राहील, आणि ज्यांना 'राष्ट्रीय' म्हणतात त्या मालमत्तेचाही अपवाद केला जाणार नाही. भावाचं डोकं उडवणाऱ्या क्रांतीचे लिलाव या माणसाने कायम केले. त्याशिवाय गादी मिळत नव्हती. कायद्यापुढे समानता आणि नेपोलियनची दिवाणी संहिताही राहिली. मताचा हक्क मात्र वर्षाला ३०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या पुरुषांना. तीन कोटींच्या देशात मतदार जेमतेम एक लाख.

त्याच्यामागून आलेला धाकटा भाऊ, दहावा चार्ल्स, जास्त कट्टर. मे १८२५मध्ये रॅन्सच्या कॅथेड्रलमध्ये त्याने मध्ययुगासारखा राज्याभिषेक करवून घेतला आणि गंडमाळेच्या रोग्यांना हात लावून बरं करण्याचा जुना विधीही केला. त्याच वर्षी पळालेल्या सरदारांना भरपाई देण्याचा कायदा झाला, जो 'एक अब्जा'चा कायदा म्हणून बदनाम आहे. उदारमतवाद्यांनी याला सरदारांचा विजय म्हटलं. मला वकील म्हणून तो नेमका उलटा दिसतो. भरपाई घेतली की दावा मिटला. खुद्द दहाव्या चार्ल्सच्या राज्यात जमीन परत मिळत नाही, त्याऐवजी सरकारी रोखे मिळतात, याचा अर्थ जमीन कायमची गेली. झालंही तसंच. तोवर लिलावातल्या जमिनीला बाजारात भाव कमी मिळे, कारण घेणाऱ्याच्या मनात धाकधूक असे. कायद्यानंतर तो फरक मिटत गेला.

एप्रिल १८२५मध्येच त्याच राजाने कॅरिबियनमधल्या हैती या जुन्या फ्रेंच वसाहतीवर १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली, युद्धनौका पाठवून. तिथल्या गुलामांनी लढून १८०४मध्ये स्वातंत्र्य मिळवलं होतं. आता त्यांनी जुन्या मालकांचं 'नुकसान' भरून द्यायचं. पुढे ती रक्कम ९ कोटींवर आणली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांनी हैतीची मान पिढ्यान्‌पिढ्या सोडली नाही. फ्रान्सच्या शेतकऱ्याने स्वस्तात घेतलेलं शेत राखलं आणि हैतीच्या शेतकऱ्याने स्वतःच्याच देहाची किंमत मोजली. क्रांतीबद्दल बोलताना हे पान सहसा उलटलं जात नाही.

दुसरी न हललेली गोष्ट म्हणजे वाटणी. थोरल्याचा मान क्रांतीनेच काढून टाकला होता, १८०४च्या संहितेने ते कायम ठेवलं. सगळ्या मुलांना सारखा हिस्सा, मुलींनाही. बापाला मृत्युपत्राने मनासारखं देता येई ते एक मूल असेल तर निम्मं, दोन असतील तर तिसरा हिस्सा, तीन किंवा जास्त असतील तर चौथा हिस्सा, बस्स. १८२६मध्ये चार्ल्सच्या सरकारने मोठ्या इस्टेटींपुरता थोरल्याला जादा वाटा देणारा मसुदा आणला, तर उमरावांच्याच सभागृहाने तो पाडला आणि पॅरिसकरांनी खिडक्यांत दिवे लावून आनंद साजरा केला. वारसा कायद्यावरून दिवाळी करणारं शहर मला दुसरं माहीत नाही! शेताचे तुकडे नकोत म्हणून फ्रेंच कुटुंबांनी मुलंच कमी होऊ दिली, असंही बरेच जण मानतात. कारणं काही असोत, १८०१ ते १९०१ या शंभर वर्षांत ग्रेट ब्रिटनची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाखांवरून ३ कोटी ७० लाखांवर गेली आणि फ्रान्स कसाबसा तीन कोटींच्या आतून चार कोटींच्या आसपास पोहोचला.

चार्ल्स जुलै १८३०मध्ये तीन दिवसांच्या उठावात गेला. मग लुई फिलिप आला, ज्याच्या बापाने सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं होतं आणि नंतर स्वतःही गिलोटिनवरच गेला होता. अशा माणसाने राज्य कसं करावं? पॅरिसमधल्या त्या चौकाचंच उदाहरण घ्या, जिथे राजाचा शिरच्छेद झाला. मूळ नाव पंधराव्या लुईचा चौक, मग क्रांती चौक, मग १७९५मध्ये 'काँकोर्द' म्हणजे सलोखा, राजे परतल्यावर पुन्हा पंधरावा लुई, मग सोळावा लुई, आणि १८३०नंतर परत काँकोर्द. मधोमध काय उभारावं? राजाचा पुतळा ठेवला तर प्रजासत्ताकवाले भडकणार, स्वातंत्र्यदेवी ठेवली तर राजवाले. लुई फिलिपने १८३६मध्ये तिथे इजिप्तहून आलेला लक्सरचा स्तंभ उभा केला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या फेरोवरून पॅरिसमध्ये कोणाचं भांडण नव्हतं. आज तिथे सेल्फी घेणाऱ्यांना हा चतुरपणा ठाऊक नसतो.

फेब्रुवारी १८४८मध्ये तोही पळाला. नव्या प्रजासत्ताकाने सगळ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं, गुलामगिरी पुन्हा आणि कायमची रद्द केली (१७९४मध्ये रद्द केलेली नेपोलियनने १८०२मध्ये परत आणली होती), आणि पाँडिचेरीसह आपल्याकडच्या फ्रेंच वसाहतींनाही पॅरिसच्या सभेत एक जागा देऊ केली. मतदार अडीच लाखांच्या आसपास होते, ते एकदम नव्वद लाखांवर गेले. २३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, मतदान झालं. नॉर्मंडीतल्या एका गावचा जमीनदार आणि राजकारणी अलेक्सी द तॉकव्हीलने त्या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. गावचे सगळे पुरुष वर्णानुक्रमाने, दोघादोघांच्या रांगेत शेजारच्या गावी मत द्यायला चालत निघाले, आणि हवेलीचा मालक स्वतः आपल्या आद्याक्षराच्या जागी रांगेत. याच्या पणजोबाने, मालझेर्बने, सोळाव्या लुईचं वकीलपत्र घेतलं होतं आणि त्यापायी डोकं गमावलं होतं. पणतू कुळांच्या खांद्याला खांदा लावून मताला चालला होता, आणि कुळांनी मत त्यालाच दिलं!

इथेच पॅरिसच्या क्रांतिकारकांचं गणित चुकलं. गरिबाला मत दिलं की तो डावीकडे जाईल असं त्यांना वाटलं. पण खेड्यातला गरीब आता दोन-चार तुकड्यांचा मालक होता आणि त्याला शांतता हवी होती. जूनमध्ये पॅरिसचे कामगार बॅरिकेडवर उतरले तेव्हा त्यांना चिरडायला मदत करण्यासाठी प्रांतांतून स्वयंसेवक आले. डिसेंबरमध्ये अध्यक्षपदासाठी चारांतल्या जवळजवळ तिघांनी नेपोलियनच्या पुतण्याला मत दिलं. त्याने १८५१मध्ये सत्ता बळकावली, वर्षभरात सम्राट झाला आणि १८७०मध्ये प्रशियाकडून हरून गेला. पाठोपाठ १८७१च्या वसंतात पॅरिस कम्यून, म्हणजे शहरातल्या क्रांतिकारकांचं बंडखोर सरकार, आणि मे महिन्यातल्या एका आठवड्यात हजारोंची कत्तल.

फेब्रुवारी १८७१मध्ये निवडून आलेल्या सभेत बहुमत राजेशाहीवाल्यांचं होतं! उमेदवार तयार होता, दहाव्या चार्ल्सचा नातू शाँबोरचा काउंट. अडलं कुठे, तर झेंड्यावर. त्याला घराण्याचा पांढरा झेंडा हवा होता, क्रांतीचा तिरंगा मान्यच नव्हता. १८७१मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १८७३मध्ये त्याने तसं जाहीर लिहून दिलं. हा हट्ट अनेकांना वेडेपणा वाटतो. मला तो त्या घराण्यातला सगळ्यात प्रामाणिक माणूस वाटतो. अठराव्या लुईने कागदावर जे गिळलं ते गिळायला याने नकार दिला. राजवाले वाट बघत राहिले आणि ३० जानेवारी १८७५ला अध्यक्षाच्या निवडणुकीची तरतूद ३५३ विरुद्ध ३५२ मतांनी मंजूर झाली. एका मताने प्रजासत्ताक कायद्यात आलं. १८७९मध्ये मार्सेयेझ राष्ट्रगीत झालं आणि १८८०पासून १४ जुलै राष्ट्रीय दिन. बास्तीय पडल्याला तोवर ९१ वर्षं झाली होती.

तेव्हा क्रांती फसली का? जमिनीच्या आणि वाटणीच्या बाबतीत अजिबात नाही. कामगाराच्या पदरात १८७१पर्यंत तरी गोळ्याच जास्त पडल्या. आणि बायकांचा हिशेब सगळ्यात वाईट. ज्या संहितेने मुलीला भावाइतका वाटा दिला, तिच्याच २१३व्या कलमात लिहिलं होतं की बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. वाटा तिचा, कारभार नवऱ्याचा. क्रांतीने दिलेला घटस्फोट राजांनी १८१६मध्ये काढून घेतला, तो थेट १८८४मध्ये परत मिळाला. आज्ञापालनाचं कलम १९३८पर्यंत टिकलं, मताचा हक्क १९४४मध्ये आला, आणि नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायची किंवा बँकेत स्वतःचं खातं उघडायची मुभा फ्रेंच बायकोला मिळाली ती १९६५च्या कायद्याने.