शाळेत राहू का गावोगाव फिरू?

प्रश्न : ताई, मी जालना जिल्ह्यातली. बौद्धिक अक्षमतेचं विशेष डीएड यंदा झालं. दोन ठिकाणाहून बोलावणं आलंय. एक निवासी शाळा, विनाअनुदानित, राहणं-खाणं तिथंच, पगाराचं विचारलं तर अनुदान आलं की बघू म्हणायलेत. दुसरं एका संस्थेचं प्रोजेक्टचं काम, अंबड-घनसावंगीकडच्या गावांत घरोघर जाऊन दिव्यांग लेकरांचं बघायचं, पगार बरा पण प्रोजेक्ट दोनच वर्षांचा. घरचे म्हणायलेत शाळा धर, एका जागी राहशील. काय करू?

उत्तर : अगं, घरच्यांना जागा दिसायली, तू आधी तिथला दिवस कसा जातो ते बघ. निवासी शाळेत वर्ग भरायच्या आधीच निम्मं काम होऊन जातं, सहाला उठवायचं, कुणाचं अंथरूण ओलं, कुणाचे दात घासून द्यायचे, आंघोळी, नाष्टा, आणि मग तू बाई म्हणून वर्गात. पण तेच लेकरू रोज हाताखाली असतं ना, त्याची मजा वेगळीच. शर्टाचं बटण शिकवायचं तर आपण ते काजातून अर्धं काढून ठेवायचं, त्यानं फक्त ओढायचं, मग हळूहळू आपला हात मागं. तीन महिने जातात एका बटणात आणि ज्या दिवशी त्याचं तो लावतो त्या दिवशी आपण शाळाभर सांगत फिरतो.

गावातलं काम मी केलंय, बीडकडं. एका घरी गेले तर सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्यानं हातपाय नीट ताब्यात नसतात ते) सहा वर्षांचं पोरगं आजीनं लुगड्यानं बाजेला बांधलेलं. आई-बाप ऊसतोडीला, आजीला पाण्याला जायचं होतं, काय करणार ती? मी नवीन होते, रागावले आजीवर, आणि पुढचे दोन आठवडे तिनं मला दारच उघडलं नाही. नंतर आमचे फिजिओथेरपीचे सर आले, त्यांनी काही न बोलता भिंतीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलं, पोराचे पाय फाकवून बसवलं, मांड्यांच्या मधे गोधडीची वळकटी ठेवली. पोरगं बसलं! आजी चहा ठेवायला आत गेली.

म्हणून फिल्डचं काम घेताना पगाराआधी हे विचार की महिन्यातून किती वेळा जाणता माणूस सोबत येतो. कुणीच येत नसेल तर नको, एकटी चुकत राहशील आणि कळणारही नाही. आणि कागदं फार असतात बघ. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दिव्यांग प्रमाणपत्राच्या मेडिकल बोर्डाच्या तारखा, निरामय विमा (सरकारी आरोग्य विमा, 1 लाखापर्यंतचा आहे, तरी कित्येक घरांना माहीतच नाही), सगळं आईबापासंगं तूच करणार. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे खरं, पण प्रवासखर्च वेगळा देतात का तेही विचारून घे.

माझं मत विचारशील तर असे जाणते सर सोबत येत असतील तर प्रोजेक्टच घे. दोन वर्षांचा म्हणून घाबरू नको, त्या शाळेनं तर एक महिन्याचंही लिहून दिलेलं नाही. अनुदान येईल या आशेवर दहा-दहा वर्षं काढलेल्या बाया मी बघितल्यात, आणि शाळेनं तुझ्या नेमणुकीच्या मान्यतेच्या नावाखाली पैसे मागितले तर तिथून सरळ उठून ये. तरी शाळा बघायचीच असेल तर एक रात्र राहून बघ, रात्री किती लेकरांमागं एक माणूस असतं अन् फिट आली तर दवाखान्यात कोण नेतं ते विचार, उत्तर द्यायला अडखळले की समज.

समग्र शिक्षा या सरकारी शाळांच्या योजनेतली विशेष शिक्षकाची जागा, सिव्हिलमधलं लहान लेकरांचं डीईआयसी (दोष लवकर ओळखून उपचार करायचं केंद्र), तिकडंही अर्ज टाकून ठेव, जाहिरात कधी निघेल नेम नाही.

आणि हो, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी झाली का? पत्रात तू त्याचं काहीच लिहिलं नाहीस. 1992 च्या कायद्यानं ती लागतेच, नसेल तर आधी तो अर्ज भर आणि मग मला कळव.