देवाचाच राग येतो, तर चर्चला कशी जाऊ?

मावशी,
दीड वर्षापूर्वी ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. नोकरीही गेली. मी दिवसा एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, संध्याकाळी शिवणकाम करते. सुरुवातीला मंडळीने खूप प्रार्थना केल्या. आता भेटेल तो म्हणतो, ‘विश्वास कमी पडतोय.’ एका बाईंनी तर विचारलं, ‘घरात एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का?’ तेव्हापासून मी उपासनेला गेलेले नाही. प्रार्थनेला बसले की रडू येत नाही, रागच येतो. मुलगा नववीत आहे. तो विचारतो, देव पप्पांना बरं का करत नाही? माझा विश्वास संपला का?
– घोरपडीची एक बहीण

अगं, ज्याचा विश्वास संपला तो देवावर कशाला रागावेल? तू रोज त्याच्याशी भांडतेस, म्हणजे तो ऐकतोय हे तू अजून धरून आहेस.

आधी त्या बाईंचं बघू. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. योहानाच्या ९ व्या अध्यायात आहे, पुन्हा कोणी छेडलं तर तेवढं वाचून दाखव. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं बरं चाललं होतं. मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून त्याच्या मागे लागले. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देणाऱ्या ईयोबाला मात्र तो ‘माझा सेवक’ म्हणाला.

आपल्याकडे २३ वं स्तोत्र लहान पोरांनाही पाठ असतं. तू १३ वं काढ. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड वळण नाही. आणि वधस्तंभावर प्रभूने हाक मारली, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ती २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ. तेव्हा रागाचे शब्द सापडत नसतील तर तिथले घे. मोठ्याने वाच, शेजारी ऐकू देत.

आता तुझ्या झोपेचं. एलीया संदेष्टा झुडुपाखाली पडून ‘आता मरण दे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. तू दोन नोकऱ्या आणि एक आजारी माणूस सांभाळतेस, तुलाही तेच हवंय. म्हणून ‘प्रार्थना करतो’ म्हणणाऱ्याला वार सांग. फिजिओथेरपीच्या दिवशी ह्यांना रिक्षात चढवायला एक धडधाकट माणूस. आठवड्यातून एक रात्र ह्यांच्याजवळ बसायला कोणीतरी, म्हणजे तू सलग झोपशील. पाळकसाहेबांना सरळ गाठ आणि हे माग. एकमेकांची ओझी वाहा, हे पौलाने मंडळीलाच लिहिलंय. मागताना लाजू नकोस. (महिला मंडळाला केकच्या ऑर्डरी वेळेत पुऱ्या करता येतात, तर हेही जमेल.)

पैशांचंही बोलून घेऊ. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. पुन्हा भरती व्हायची वेळ आली तर बिल व्हायच्या आधी जा, नंतर फार घासाघीस होते. आणि जगणंच नको वाटायला लागलं तर १४४१६ वर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलता येतं.

तुझ्या घोरपडीवरून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. ख्रिस्ताकडे त्या ह्या सगळ्यानंतर आल्या, आणि आल्यावर दुःख थांबलं असंही नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तोवर केडगावात दुष्काळातून आणलेल्या कितीतरी मुली आणि विधवा राहून गेल्या होत्या. बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवलं. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कोणाची छाती होईल?

मुलाला खोटं सांगू नकोस. ‘मलाही कळत नाही, मीही देवाला हेच विचारते’ म्हण. नववीतल्या पोराला एवढं झेपतं. उपासनेला लगेच पहिल्या बाकावर जायची गरज नाही. मागे बस, गाणं म्हणवत नसेल तर म्हणू नकोस, प्रभूभोजन घेऊन निघून ये. त्या बाई दारात भेटल्याच तर म्हणावं, बुधवारी दुपारी ह्यांच्याजवळ दोन तास बसाल का?