पहिल्या वनस्नानाला जाताय? एवढंच सांभाळा

आधी 'ट्रेक' हा शब्द डोक्यातून काढा. १९८२ मध्ये जपानच्या वनखात्याने 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला, तेव्हा कल्पना साधी होती: जंगलात सावकाश राहायचं. दोन-तीन तासांत जेमतेम एक-दीड किलोमीटर होतं आणि तेवढं पुष्कळ आहे.

सुरुवातीला माथेरान निवडा. दस्तुरी नाक्यापुढे खाजगी गाड्या नाहीत, सावली दाट. शनिवार-रविवार मात्र टाळा, घोडे आणि गर्दी असते.

नवख्यांच्या चुका मी वर्षानुवर्षे पाहतोय:

- फोटो. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा. 'सायलेंट' पुरत नाही, हात आपोआप खिशाकडे जातो.
- झाडा-पक्ष्यांची नावं विचारत बसणं. शीळकरी कस्तुराची शीळ आधी नुसती ऐका, नाव नंतर कळेल.
- दहा मिनिटांत 'काहीच वाटत नाही' म्हणून कंटाळणं. पहिला अर्धा तास डोक्यात ऑफिसच चालू राहतं. सगळ्यांचंच. थांबा, पायाखालची लाल माती बघा, जांभळाच्या खोडाला हात लावा.

वनस्नानाच्या मार्गदर्शकासोबत गेलात तर तो 'एका जागी वीस मिनिटं बसा' म्हणेल. संकोच वाटेल, तरी बसा. मला सगळ्यात जास्त तिथेच मिळालं. शेवटी जे जाणवलं ते सांगायला बोलावतात, नको असेल तर गप्प राहिलात तरी चालतं.

औषधं चालू असतील तर ती सोडू नका. श्वासाचे प्रकार, अनवाणी चालणं वगैरे तीन-चार फेऱ्यांनंतर बोलू. या आठवड्यात फक्त जाऊन या.